मोठ्या गाडीत जागा नव्हती

रे रोडच्या पुलाचा चढ आला की आमची छोटी गाडी कण्हायला लागायची. मी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर यायचे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचे, आणि मागच्या सीटवरून थोरली मावशी ओरडायची, "अगं, उतरू काय मी? ढकलते!"

"तू उतरलीस तर ढकलायची गरजच नाय पडायची," धाकटी मावशी लगेच म्हणायची.

चढ संपेपर्यंत हसणं चालायचं. पुढे माझ्या शेजारी आई, मागे दोघी मावश्या, त्यांच्या मांडीवर आणि पायांशी रिकाम्या पाट्या. आम्ही लालबागहून भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला निघालेलो असायचो. येताना त्याच पाट्या भरलेल्या असायच्या, बर्फाचं पाणी सीटखाली गळत असायचं आणि चढ उलट्या बाजूने पुन्हा यायचा. मावश्या नात्याच्या नव्हेत. आई लालबागच्या बाजारात बसते तिथे तिच्या उजवीकडे आणि डावीकडे त्या बसतात. मी गाडी चालवायची, बोलायचं त्यांनी.

"ही बोलत नाय काय गं कधी?"

"इंग्लिशमधून विचार करते ती. मराठीत यायला वेळ लागतो."

मलाही हसू यायचं, पण ते मी आरशात दिसू द्यायचे नाही.

आमचं मूळ घर मालवणकडचं, मासेमारांचं. बाबा मात्र गिरणीत लागले आणि आईने लग्नानंतर वर्षानुवर्षं मासळीला फक्त स्वयंपाकात हात लावला. मग संप झाला. मी तो पाहिलेला नाही, मी नंतरची. पण घरात काळ मोजायची रीत अजूनही तीच आहे: हे संपाआधीचं, ते संपानंतरचं. मी, इंग्रजी शाळा, आईची बाजारातली जागा आणि बाबांचं ड्रायव्हिंग, हे सगळं संपानंतरचं. एक म्हातारी मासेवाली कायमची गावी निघाली होती, ती जाताना आईला आपल्या जागेवर बसवून गेली. बाबा दुसऱ्याची टॅक्सी चालवायला शिकले आणि पुष्कळ वर्षांनी त्यांनी ही जुनी पेट्रोलची छोटी गाडी घेतली, ती आईला धक्क्यावर नेण्यासाठीच. पुढे साखरेने त्यांचे डोळे अधू केले. तेव्हा त्यांनी मला शिवाजी पार्कभोवती फेऱ्या मारायला लावून गाडी शिकवली. सकाळी फिरायला आलेले आजोबा लोक फुटपाथवर चढून उभे राहायचे. "बघ, किती मान देतात तुला," बाबा म्हणायचे.

ती गाडी चालवणं म्हणजे सगळं स्वतःच्या अंगाने करणं होतं. पॉवर स्टीअरिंग नव्हतं, त्यामुळे वळणाला खांद्यापासून जोर लावायचा. खड्डा आला की तो आधी पायाला कळायचा, मग कमरेला. काळाचौकीपासून डॉकयार्ड रोडपर्यंतचे सगळे खड्डे मला ओळखीच्या माणसांसारखे पाठ होते. इंजिन इतकं हळू चालायचं की सिग्नलला उभं असताना ते बंद पडलंय की काय, हे बघायला मी हळूच पाय दाबून पाहायचे. पण बॉनेट जिथे संपायचं तिथे गाडी संपायची. गिरगावात खोताच्या वाडीतल्या एका घरी आई शुक्रवारी मासळी पोचवायची, तिथे तोंडाशी गाडी लावून मी दोन स्कूटरच्या मधून ती परत वळवायचे, आणि कुणाला काही बोलावं लागायचं नाही.

इतर ठिकाणी मात्र बोलावं लागायचं, आणि तेच मला जमत नाही. लालबागच्या पुलाखाली बस अंगावर यायची, टॅक्सीवाले खिडकीतून "मॅडम, चला ना, झोपलात काय" म्हणायचे, परळच्या सिग्नलला मोटारसायकलवाले माझ्या बॉनेटवर टपली मारून पुढे घुसायचे. मी कुणाकडे बघायचे नाही. माझं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आहे. तिथला गेटवरचा माणूस रोज माझी गाडी थांबवायचा, डिकी उघडायला लावायचा आणि उघडल्यावर एक पाऊल मागे व्हायचा. मासळीच्या बर्फाचं पाणी गाडीच्या कार्पेटमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं होतं. ऑफिसातल्या कुणाला लिफ्ट द्यायची वेळ येऊ नये म्हणून मी उशिरा निघायचे.

तेव्हा मोठी गाडी मी का घेतली, हे मला सांगता येतं. घरी मी वेगळंच सांगितलं: डिझेल परवडतं, गावाला जाता येईल, बाबांना पाय पसरता येतील. हे सगळं खरंही होतं.

आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्ही नव्या घरात आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी ती गाडी आली. पांढरी, उंच, पायरीवर पाय ठेवून चढावं लागेल अशी. पहिल्या सकाळी किल्ली फिरवली तेव्हा ती इतकी खडखडली की वॉचमन खुर्चीतून उठला. पण बाहेर रस्त्यावर आल्यावर काय झालं ते मला अजून आठवतं. अॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एकदम मोठ्या लाटेने उचलावं तशी ती निघते. रे रोडचा चढ तिने तिसऱ्या गिअरवर, गप्पा मारता येतील अशा आरामात संपवला. क्लच जड होता, लालबागच्या गर्दीत डावा पाय भरून यायचा, पण खड्डे नाहीसे झाले होते. मोटारसायकलवाले बाजूला होत होते. टॅक्सीवाला आरशात बघून स्वतःच डावीकडे जात होता. मी आयुष्यात कुणाला "सरका" म्हटलेलं नाही. ही गाडी माझ्या वतीने म्हणत होती आणि मला तोंड उघडावं लागत नव्हतं. ऑफिसच्या गेटवरच्या माणसाने सलाम केला. त्या दिवशी मी गाडी उगाचच दादरपर्यंत नेऊन परत आणली.

बाबांना तर आनंदाने काय करू नि काय नको झालं. दिसत नसलं तरी ते रोज खाली जाऊन तिच्या बॉनेटवरून हात फिरवायचे. "आता कोण हॉर्न मारतंय बघू," ते म्हणायचे. आई तिच्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "बरी आसा." मग मागचं दार उघडून बराच वेळ आत बघत राहिली. "ह्येच्यात पाटी खय ठेवतलंय?"

"आई, तिप्पट जागा आहे."

"जागा आसा गो," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

टॉवरच्या कमिटीचा नियम होता, एका घराला एक गाडी. खाली रस्त्यावर छोटी गाडी ठेवून पाहिली, तर टोइंगवाल्यांनी ती दोनदा उचलून नेली. मग पनवेलचा एक माणूस आला आणि तिला घेऊन गेला. आई त्या वेळी बाजारात होती.

मोठ्या गाडीतून धक्क्यावर जायच्या पहिल्या दिवशी मी मागे जुनी चादर आणि तिच्यावर प्लास्टिक अंथरलं. मला वाटलं होतं, ही मी घेतलेली काळजी आहे. दोघी मावश्या खाली रस्त्यावर उभ्या होत्या. आधी गाडीकडे, मग पायरीकडे, मग प्लास्टिककडे बघून त्या चढल्या. जाताना पाट्या रिकाम्या असल्यामुळे निभावलं, पण बोलणं झालं नाही. चढ कधी आला आणि गेला हे कुणालाच कळलं नाही, त्यामुळे ढकलायचा विषयही निघाला नाही.

धक्क्यावर मी गाडी थोडी पुढे घेत होते, तेवढ्यात कुणीतरी बॉनेटवर थाडकन हात मारला. गाडीपुढे जमिनीवर बसून एक बाई मासे निवडत होती. इतक्या उंचीवरून जवळचं काही दिसत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"वरून माणसं दिसत नाय काय गं तुला?" ती बाई म्हणाली. मी काच खाली करून सॉरी म्हणणार होते. काच खाली झाली, आणि मी नुसती गाडी मागे घेतली.

इथे धक्क्यावरची एक रीत सांगायला हवी. लिलावात मासळी एकेक नग करून मिळत नाही, अख्खा ढीग घ्यावा लागतो, आणि तो एकट्या बाजारवालीला झेपत नाही. म्हणून तिघी-तिघी भागीत घेतात. मग तिथेच उकिडव्या बसून तीन वाटे घालतात. जी वाटे घालते ती आपला वाटा शेवटी उचलते, त्यामुळे भांडण होत नाही. आई आणि दोघी मावश्या अशी ती भागी संपानंतरच्या पहिल्या वर्षांपासूनची होती. आईचे हात चांगले म्हणून वाटे नेहमी आईच घालायची. भागी म्हणजे तीन माणसं. चौथं आलं तर वाटे लहान होतात, म्हणून चौथ्याला घेत नाहीत.

त्या दिवशी वाटे झाले, पाट्या भरल्या आणि मी मागचं दार उघडून उभी राहिले. धाकटी मावशी पाटी डोक्यावर घेऊन आली. पाटीतून पाणी गळत होतं, तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. ती दाराशी थांबली.

"आम्ही टेम्पोने येतो गं बाय," ती म्हणाली. "तू जा आईला घेऊन."

"बसा ना," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

"नको. टेम्पोवाला ओळखीचा आहे."

आई चढली, पाटी पायांत घेऊन पुढेच बसली, आणि लालबाग येईपर्यंत तिने पदराने पाटीखालचं पाणी टिपलं. मी दोनदा "राहू दे" म्हटलं. ती म्हणाली, "तू पुढे बघ."

दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी टेम्पोनेच जायला लागल्या. टेम्पो भरला की निघतो, आमच्या आधी पोचतो. पहिले काही दिवस त्यांनी आईसाठी थांबून ढीग घेतला. मग एके दिवशी आम्ही पोचलो तेव्हा लिलाव होऊन गेला होता आणि तिसऱ्या वाट्याशी टेम्पोत बरोबर येणारी एक तरुण बाई बसली होती. वाटे थोरली मावशी घालत होती आणि ते तिला जमत नव्हते. आई जवळ जाऊन उभी राहिली, मदत करायला वाकली आणि मग सरळ झाली.

त्यानंतर आई एकटी जे उरलेलं मिळेल ते घ्यायची. मासळी मऊ असायची. गिऱ्हाईक माशाच्या कल्ल्याशी बोट लावून बघायचं आणि पुढे सरकायचं. खोताच्या वाडीतही एका शुक्रवारी मी मोठी गाडी नेली. तोंडाशीच अडकले, मागे दोन गाड्या, पुढे हातगाडी, सगळी गल्ली मला डावीकडे-उजवीकडे करायला सांगत होती. आई त्या गर्दीतून पाटी घेऊन गेली आणि तशीच परत आली. "आज नको म्हणाले," ती म्हणाली. मग अधूनमधून ती घरीच राहायला लागली. गुडघा दुखतो, म्हणायची. बाजारात जागा रिकामी राहिली की आजूबाजूच्या पाट्या तिच्यात हळूहळू सरकतात, हे मला बाबांनी सांगितलं. "महिनाभर नाय बसली ना, तर जागा गेली समज," ते म्हणाले. "पण जाऊ दे. किती दिवस करणार? तू आहेस ना आता."

मी होते. ऑफिसला जाताना लालबागच्या पुलावरून गाडी चढवायचे तेव्हा मला अजूनही बरं वाटायचं. हीच गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. आई घरी गुडघ्याला तेल लावत बसलेली असायची, तिची जागा बोटाबोटाने कमी होत होती, आणि मी दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गाडीचा तो जोर अंगात घेत खूश व्हायचे. लहान गाडी पुन्हा घेता आली असती. मी ते मनात आणायचे आणि परळचा सिग्नल येईपर्यंत दुसऱ्या कशाचा तरी विचार करत असायचे.

एका दुपारी सुट्टी घेऊन मी बाजारात गेले, चालत. आईच्या जागेवर अर्ध्यापर्यंत मागच्या बाईची सुक्या सोड्यांची पाटी आली होती. थोरली मावशी कोलंबी सोलत होती.

"बस," ती म्हणाली आणि पालथा डबा पुढे केला. "आई कशी आहे?"

मी बसले. काय म्हणायचं ते मी रस्ताभर मनात मांडत आले होते, तरी पहिलं वाक्य बराच वेळ आलं नाही. दोघी थांबल्या. कोलंबी सोलणंही थांबलं.

"तुम्ही गाडीत या ना," मी म्हटलं. "मी प्लास्टिक काढते. सीट खराब झाली तर होऊ दे. मला चालेल."

धाकटी मावशी हसली. "आली बाबा मराठीत!"

थोरली हसली नाही. हातातली कोलंबी खाली ठेवून ती म्हणाली, "तुझ्यावर राग नाय गं आमचा. मोठी झालीस, गाडी घेतलीस, चांगलंच केलंस. पण त्या गाडीत बसलं ना, की मला माझाच वास येतो. एवढी वर्षं कधी आला नव्हता."

कुणी तरी सुरमईचा भाव विचारायला आलं, धाकटी मावशी त्या माणसाशी घासाघीस करायला लागली, मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या आईला पाठव टेम्पोत. ती नवी पोरगी आपल्या दिराबरोबर ससून डॉकला जायला लागली परवापासून. हिच्या वाट्यांनी आमची भांडणं व्हायला लागलीत." तिने हनुवटीने थोरलीकडे दाखवलं.

"गुडघा आहे तिचा," मी म्हटलं. "टेम्पोत उभं राहावं लागतं."

"आम्ही काय मेलो काय? धरू."

थोरल्या मावशीने पायाने सोड्यांची पाटी जागेवरून मागे ढकलली आणि मागच्या बाईला म्हणाली, "उद्यापासून हिची आई येतेय हां. सांगून ठेवते."

घरी जाऊन मी आईला सांगितलं. मनातून मला वाटत होतं, तिने नाही म्हणावं, टेम्पो नको म्हणावं, मग मला काहीतरी करावं लागेल आणि मी ते करेन. तिने विचारलं, "टेम्पो किती वाजता निघता?" आणि पाटी धुवायला घेतली. बाबा म्हणाले, घरात एवढी गाडी असताना लोक काय म्हणतील. "लोक काय माझो गुडघो बघूक येतत?," आई म्हणाली. "तू पण झोप आता सकाळची. ऑफिसात जांभया देतंस."

तेव्हापासून मी सात वाजेपर्यंत झोपते.

मागच्या आठवड्यात ऑफिसात लवकर बोलावलं होतं. काळाचौकीच्या वळणावर तो टेम्पो माझ्या पुढे आला. मागे उघडा, पाट्यांच्या मध्ये बायका उभ्या, गजाला धरून. आई तेव्हा माझ्याकडे पाठ करून होती. थोरली मावशी काही तरी बोलली आणि आई मान मागे टाकून हसली, सगळं अंग हलेपर्यंत. टेम्पोतून पाणी उडून माझ्या काचेवर येत होतं. खड्डा आला, मला तो जाणवलाही नाही, पण पुढे आईचा गुडघा दुमडला आणि धाकट्या मावशीने तिला काखेत हात घालून उभं केलं. मी वेग कमी केला. डिझेलची गाडी पहिल्या गिअरवर अॅक्सिलरेटर न दाबताही चालत राहते, तशी मी चालत राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले. मला पुढे जायचं नव्हतं. पुढे जाऊन शेजारून त्यांच्याकडे बघायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

मग टेम्पो डावीकडे झाला, अगदी फुटपाथला लागून. ड्रायव्हरने हात बाहेर काढून मला पुढे जायची खूण केली. माझ्या मागे-मागे येण्याने तो वैतागला असेल, असं मला वाटलं. मी नजर रस्त्यावर ठेवून पुढे गेले.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मी सकाळचं काही बोलले नाही. तीच म्हणाली, "दिसलंस सकाळी. किती हळू चालवतंस ती गाडी?"

"ट्रॅफिक होता."

"खय ट्रॅफिक?" ती म्हणाली. "तुका पुढे जाऊक मिळना नाय असा वाटला माका. मीच सांगलंय टेम्पोवाल्याक, बाजूक घे रे, माझ्या चेडवाक उशीर होता."

तिने निवडलेली भाजी माझ्याकडे सरकवली, धुवायला.